बरकत, दोन, तीन

दुपारचं जेवण झालं की माझे डोळे आपोआप मिटतात, आणि मिटले की डबे दिसतात. लांबच लांब फळ्या, फळ्यांवर डबे, डब्यांवर चिठ्ठ्या. कुठल्याशा खिडकीतून ऊन येत असतं, चिठ्ठ्या संथपणे हलत असतात आणि मी अनवाणी पायांनी एकेक वाचत पुढे जाते. झोप आहे की जाग, ते कळत नाही. कळून घ्यायची घाईही नसते. मागच्या वर्षी मी यवतमाळातलं माझं ऑफिस बंद केलं, कॉम्प्युटर झाकून ठेवला, तरी डबे काही पिच्छा सोडत नाहीत.

ऑफिस म्हणजे काय, तर मोटर रिवाइंडिंगच्या दुकानावरची एक खोली. खालून वार्निशचा वास वर यायचा, पंखा गरगरायचा आणि मी दिवसभर पडद्यासमोर बसून प्रोग्रॅम लिहायचे. दालमिल, जिनिंग, तोलकाटे, कुणाला काय हवं असेल ते. नवरा कॉलेजात शिकवायचा, त्याचं काम सगळ्यांना कळायचं. माझ्याबद्दल शेजारणी सासूबाईंना विचारायच्या, "तुमची सून करते तरी काय?" सासूबाई म्हणायच्या, "डबे भरते. कॉम्प्युटरात." मी एकदा तासभर खपून त्यांना माझं काम समजावून सांगितलं होतं. त्यातलं एवढंच त्यांनी ठेवून घेतलं. ते इतकं बरोबर होतं की पुढे मीही तेच सांगायला लागले.

आता ज्यांना ह्यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. घाबरू नका, स्वयंपाकघरापलीकडे जाणार नाही.

कॉम्प्युटरच्या भाषा स्थूलमानाने दोन स्वभावांच्या असतात. एक मोकळ्या स्वभावाची. ती म्हणजे आमच्या सासूबाईंचं स्वयंपाकघर. बिस्किटाच्या डब्यात तूरडाळ, तुपाच्या बरणीत सुईदोरा, मुखवासाच्या डबीत कुणाचा तरी पडलेला दात. चिठ्ठी कशावरच नाही. उघडायचं, बघायचं, जे निघेल ते घ्यायचं. उद्या त्याच डब्यात शेंगदाणे असले तरी कुणाला काही वाटत नाही. दुसरी भाषा शिस्तीची, म्हणजे औषधाचं दुकान. कुठल्या खणात काय राहणार हे आधी लिहून द्यायचं, आणि तिथे दुसरं काही ठेवू गेलात तर दुकानदार हातच धरतो. मोकळ्या भाषेत लिहायला सोपं, गिऱ्हाईकसुद्धा दोन दिवसांत शिकतं. शिस्तीच्या भाषेत लिहायला वेळ लागतो, पण ती लहानशा यंत्रावरही चपळ चालते आणि मधेच मान टाकत नाही.

गिऱ्हाइकांना मी जी छोटी यंत्रं द्यायचे त्यांच्यात दोन्ही असायच्या. पोटात शिस्तीची, आणि वर गिऱ्हाइकाला स्वतःचे नियम लिहिता यावेत म्हणून मोकळी. भांडण व्हायचं ते उंबऱ्यावर. मोकळ्या बाजूने एखादी वस्तू यायची, ती आपण कोण ते सांगायची नाही. शिस्तीची बाजू म्हणायची, नाव-गाव सांगितल्याशिवाय आत घेणार नाही. त्या दोघींच्या मधे उभं राहायचं हे माझं काम. त्यासाठी मी एकाच मापाचा डबा बनवला. शिस्तीच्या बाजूला सांगितलं, बाई, तुझ्याकडे येईल तो डबाच येईल, बाहेर चिठ्ठी असेल, ती वाचून मगच उघड. चिठ्ठ्या सहा: संख्या, मजकूर, हो-नाही, यादी, काहीच नाही, आणि कृती.

ही 'कृती' नेरच्या एका दालमिलवाल्या भाऊसाहेबांमुळे आली. त्यांची तूर तेलपाणी लावून गच्चीवर वाळत असे, आणि किती तास वाळवायची ते यंत्रात भरायचं होतं. मी विचारलं, किती तास? ते म्हणाले, "ऊन पाहून."

"भाऊसाहेब, आकडा सांगा."

"आकडा कसा सांगू? उनाले इचारा ना."

मी चिडले, भांडले, एसटीने परत आले आणि वाटेत मला पटलं की त्यांचंच खरं आहे. त्यांच्या डब्यात उत्तर नव्हतं, उत्तर काढायची रीत होती. मोकळ्या भाषेला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं, अडून मी बसले होते. मग गच्चीवर तापमापक लावला आणि डब्यावर सहावी चिठ्ठी चिकटवली. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मंजे डब्यात लाडू नाहीत, लाडवाची कृती हाय." मला आजही ह्याहून चांगली व्याख्या सुचत नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती मला फार आवडायची. मोकळ्या भाषेत एक झाडूवाली असते. कुठल्या वस्तूचा हात कुणी धरलेला नाही हे ती बघत फिरते, आणि जिला कुणी धरलेलं नाही ती वस्तू झाडून नेते. आवाज होत नाही, नोंद होत नाही. म्हणून शिस्तीच्या बाजूने डबा घेतला की आधी ओरडून सांगावं लागतं, हा मी धरलाय बरं का. दुपारच्या गुंगीत मला ती झाडूवाली दिसायची, पांढऱ्या लुगड्यातली, फार शांत. तिची भीती वाटायची नाही. पुढे एकदा वाटली.

ते झालं फुलसावंगीच्या बाजूच्या एका गावात. गावातल्या बायकांनी बियाण्यांची पेढी काढली होती. जुनी, घरोघरी जपलेली बियाणी, जवारी, तूर, मूग, बरबटी म्हणजे चवळी, मडक्यांत भरून ठेवायची. पेरणीच्या वेळी न्यायची, पीक आलं की भर घालून परत आणायची. शाळेमागची एक लांबट खोली, पन्नासेक मडकी, प्रत्येकावर खडूने नंबर, तोंडाला शेणमातीचा लेप आणि आत कडुनिंबाचा पाला. त्या खोलीत गेलं की डोळे जड व्हायचे. कौलांमध्ये एक काचेचं कौल होतं, त्यातून उजेडाचा पट्टा खाली यायचा, आणि तो मडक्यांवरून सरकत गेला की दिवस मावळला असं समजायचं.

पेढी सांभाळायच्या मीनाताई, हुशार आणि धांदरट. कोणत्या मडक्यात काय, किती, कुणाचं, ह्याची वही उंदरांनी खाल्ली म्हणून त्यांना यंत्र हवं होतं. मी पुस्तकाएवढं यंत्र दिलं, छोटा पडदा आणि बटणं. नियम त्यांनी स्वतः लिहायचे, मोकळ्या भाषेत.

मापं घ्यायला गफूरचाचा येत. जन्मभर पुसदच्या बाजारात धान्य मापलेले मापारी, सत्तरीच्या पुढचे, पाठ ताठ. त्यांची पायली लोखंडी, कडेला पितळेची पट्टी. शिगोशीग भरायची आणि पालथी करताना मोठ्याने आकडा म्हणायचा. चाचा जे म्हणतील तेच मीनाताई बटणांनी टाइप करणार. मीनाताईंनी पहिला नियम लिहिला: शेवटी जे म्हटलं, तेवढी मापं. एका ओळीत काम झालं. मला त्या ओळीचा इतका अभिमान वाटला की यवतमाळला परतल्यावर दोन-तीन जणांना ती वाचून दाखवली.

यंत्राची परीक्षा मी माझ्या खोलीत घेतली होती, वाटीने सोयाबीन मोजून. एक, दोन, तीन. बरोबर. बारा वाट्या, बरोबर. एक वाटी, तीही बरोबर.

पहिल्या वर्षी पेढीत सगळ्या मडक्यांची मापं झाली. अकरा पायल्या, सात, चार, वीस. सगळं जुळलं. फक्त सतरा नंबरच्या मडक्यात एकच पायली होती. ती ठेवली होती बंजारा तांड्यावरच्या शेवंताबाईंनी. याडीची जवार, असं नाव त्यांनी सांगितलं होतं. याडी म्हणजे त्यांच्या गोरबोलीत आई. त्या जवारीला दुसरं नावच नव्हतं. शेवंताबाई लग्न होऊन आल्या तेव्हा आईने पदराच्या गाठीत बांधून दिलेली, आणि तेव्हापासून दरवर्षी पेरलेली. त्या हंगामात उभ्या कणसांना बुरशी लागली, घरी दाणा राहिला नाही. राहिली ती पेढीतली पायली.

पुढच्या जूनची गोष्ट. मृग लागायला चार दिवस होते. बियाणं वाटायचं म्हणून मीनाताई रिकामी मडकी धुऊन उन्हात घालत होत्या. यंत्र रिकाम्या मडक्यांची यादी देई. चाचा डोळे दाखवायला पुसदला गेलेले. दुपारी मीनाताईंचा फोन आला. मी जेवून आडवी झाले होते.

"मॅडम, सतरा नंबर रिकामं दावून राह्यलं. पन आतमंधी जवार हाय."

मी डोळेही उघडले नाहीत. "कोणीतरी खायची ठेवली असेल, मीनाताई. यंत्रात काही नाही ना? मग ती बियाण्याची नाही. यंत्र चुकत नाही."

"नक्की ना जी?"

"नक्की."

हे शब्द माझे आहेत. मी ते पुष्कळदा आठवून पाहिले, कुठे थोडे मऊ होतात का म्हणून. होत नाहीत.

दुसऱ्या दिवशी वाटप बघायला मी स्वतः गेले. आभाळ भरून आलेलं होतं पण पडत नव्हतं, आणि सगळं गाव अर्धवट झोपेत असल्यासारखं दिसत होतं. चाचा पुसदहून परतले होते, पायली पुसत बसलेले. दारात शेवंताबाई उभ्या राहिल्या. साठीच्या, हातात कोपरापर्यंत बांगड्या, खांद्यावर रिकामी पिशवी.

"याडीची जवार द्या बाई. वावर तयार हाय."

मीनाताईंनी बटण दाबलं. पडद्यावर आलं: सतरा नंबर, शून्य.

मीनाताई पडद्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा उतरत गेलेला मी पाहिला. "मॅडम," त्या म्हणाल्या, "ते म्या माह्या घरच्या जवारीत टाकली. तुमी म्हनलं ना. सकाळीच पोतं दळाले गेलं."

शेवंताबाईंनी पिशवीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. चाचांनी विचारलं, "काय झालं? म्या मापली होती ना ते जवार. बरकत म्हनलो होतो."

"काय म्हणाला होतात?"

"बरकत. पयलं माप."

"चाचा, पहिलं माप म्हणजे एक ना?"

"एक कोन म्हनते, बेटा? पयल्या मापाले एक म्हनत नाहीत. पयलं माप वरच्याच्या नावाचं. बरकत. मंग दोन, तीन, कितीबी म्हना."

आता लाजेची गोष्ट ही की मला हे ठाऊक होतं. माझं माहेर कळंबच्या बाजूचं. खळ्यावर धान्य मापताना माझे वडील पहिल्या पायलीला 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन. मी लहानपणी राशीवर बसून ते शेकडो वेळा ऐकलेलं. पण यवतमाळच्या खोलीत बसून वाटीने सोयाबीन मोजताना मी 'एक' म्हणाले होते. शिकलेल्या माणसाची जीभ अशीच घसरते.

आम्ही चौघं चक्कीकडे निघालो. गावाच्या दुसऱ्या टोकाला, चालत दहा मिनिटं. ती दहा मिनिटं मला अजून कधीकधी स्वप्नात लागतात, आणि स्वप्नात रस्ता संपत नाही. चालता चालता माझ्या डोक्यात प्रोग्रॅम आपोआप उलगडत गेला. चाचा 'बरकत' म्हणाले, मीनाताईंनी प्रामाणिकपणे 'बरकत' टाइप केलं. मोकळ्या भाषेने ते सुखाने ठेवून घेतलं, तिच्या पोटात काहीही मावतं. इतर मडक्यांत त्याच्यामागून दोन, तीन, अकरा आले, आणि नियम शेवटचा आकडा बघत होता, म्हणून सगळं बरोबर निघालं. चूक व्हायची ती फक्त तिथेच होणार होती, जिथे एकच माप होतं. म्हणजे जे सगळ्यांत कमी उरलेलं, त्याच्याच वाट्याला.

आणि उंबऱ्यावर मी काय केलं होतं? डबा घेऊन त्यातून संख्या काढून देणारं एक काम मी लिहिलं होतं. शिस्तीच्या भाषेत आधी वचन द्यावं लागतं: हे काम संख्याच देईल. चिठ्ठी 'संख्या' असली तर प्रश्न नाही. 'मजकूर' असली तर आत आकडे दिसतात का बघ, दिसले तर दे. आणि नाही दिसले तर? तिथे भाषेने मला अडवलं होतं. संख्या देतो म्हणालीस, आता दे. मला तो प्रसंग स्पष्ट आठवतो, कारण खालून चहावाल्याने हाक मारली होती. मी 'शून्य' लिहिलं आणि चहा प्यायला उतरले. 'मला माहीत नाही' असं म्हणायची सोय माझ्याजवळ होती, त्यासाठी 'काहीच नाही' ही चिठ्ठीसुद्धा मीच केली होती. पण त्या कामाने वचन संख्येचं दिलं होतं, आणि वचन पाळायला मी खोटं बोलले. यंत्र चुकलं नाही. त्याने माझं खोटं जसंच्या तसं सांगितलं.

चक्कीजवळ आलो तर आवाज नव्हता. मला वाटलं, दळून झालं. पाय तिथेच थबकले. चक्कीवाला बाहेर बाकावर बसून विडी ओढत होता. "लाइन गेली," तो म्हणाला, "तासभर झाला. अर्धं पोतं निंघालं, अर्धं बाकी हाय."

जन्मभर मी लोडशेडिंगला शिव्या दिल्या आहेत. त्या दिवशी त्या चक्कीवाल्याच्या बंद मोटरीला हात जोडावेत असं मला मनापासून वाटलं. शेवंताबाई थेट आत गेल्या. खाली डब्यात पडलेल्या पिठात त्यांनी बोटं घातली. पीठ अजून कोमट होतं. त्यांनी चिमूटभर उचललं, हुंगलं, आणि एवढंच म्हणाल्या, "हे गेलं."

मग वरच्या टोपलीतली आणि पोत्यातली उरलेली जवारी आम्ही चक्कीच्या ओट्यावर ओतली. मीनाताईंच्या घरची आणि याडीची, एकत्र. मला सगळे दाणे सारखे दिसत होते, पांढरे, गोल. मी विचारलं, "शेवंताबाई, ओळखणार कसं?"

त्यांनी एक दाणा तळहातावर घेतला आणि उलटा केला. "बुडाशी पाह्य. तांबडी टिकली हाय का? हे याडीची. नसन तर नाही."

चक्कीवाल्याने दोन सुपं दिली. आम्ही चौघं बसलो. शेवंताबाई बघतही नव्हत्या असं वाटायचं, बोटं आपोआप चालत, दाणा सरकवत, उचलत, बाजूला ठेवत. चाचांच्या डोळ्यांत औषध घातलेलं, त्यांना टिकली दिसत नव्हती, म्हणून ते सूप धरून बसले. मीनाताईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसायला हात थांबवत नव्हत्या. मी चष्मा नाकावर ओढून एकेक दाणा उलटा करत होते. दुपार अशी हळू सरकत गेली. ढगांतून ऊन यायचं, जायचं. कुठेतरी होला घुमत होता. एका क्षणी मला वाटलं, मी माझ्या फळ्यांच्या मधेच बसले आहे, फक्त ह्या वेळी चिठ्ठ्या नाहीत, प्रत्येक दाण्याला स्वतःला विचारावं लागतंय, बाई, तू कोण. आणि मला ती झाडूवाली आठवली. ह्या जवारीचा हात मी सोडला होता.

"शेवंताबाई," मी म्हणाले, "चूक माझी आहे. मीनाताईंची नाही. मीच सांगितलं होतं यंत्र चुकत नाही म्हणून."

त्यांनी मान वर केली नाही. "मशीनले काय समजते बाई. तुमाले तं समजत होतं ना?"

मी पुढचा दाणा उचलला.

उजेड कमी व्हायला लागला तेव्हा शेवंताबाईंनी हात झटकले. जे निवडून निघालं ते त्यांच्या पदरावर होतं. ओंजळभरही नाही; पोत्यात ती वरच होती, म्हणून तीच आधी दळली गेली होती. एवढ्याशा ढिगाकडे आम्ही बघत राहिलो. मडक्यात होती तेव्हा एक पूर्ण पायली होती, शीग असलेली. मला वाटलं, आता त्या रडतील, किंवा मला बोलतील, आणि दोन्ही झालं असतं तर बरं झालं असतं.

चाचा उठले. पायली त्यांनी येताना बरोबर आणली होती, सवयीने. ती ओट्यावर ठेवली, आत फुंकर मारून पुसली आणि शेवंताबाईंना खूण केली. त्यांनी पदर पायलीत रिकामा केला. पायलीचा तळही नीट झाकला नाही. चाचांनी ती दोन्ही हातांनी उचलली, भरलेली पायली उचलावी तशी, आणि बाजारात म्हणत असतील त्याच चढ्या आवाजात म्हणाले, "बरकत!"

शेवंताबाईंनी पिशवी पुढे केली.

वाटेत चाचांनी मला विचारलं, "बेटा, तुह्या मशीनीत बरकतले जागा नाही का?"

मी म्हणाले, "करते, चाचा. बरकत म्हणजे एक असं समजायला सांगते."

ते थांबले. "एक कायले? एक देल्लं का सरलं. बरकत वाटत नाहीत कोनाले. ज्याची त्यानं पेरा, अन् परत आनून ठेवा. मंग त्याच्यावर दोन, तीन."

मी यवतमाळला परत येऊन दोन कामं केली. एक, ते खोटं शून्य पुसलं. आता डब्यातून संख्या मागितली की उत्तर येतं, 'असली तर ही घे, नसली तर नाही', आणि नाही म्हटल्यावर काय करायचं ते मागणाऱ्यालाच लिहावं लागतं, त्याशिवाय शिस्तीची भाषा पुढे जाऊ देत नाही. हे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं, सगळे शहाणे करतात. दुसरं काम कुठल्याही शहाण्याने केलं नसतं. मी डब्यावर सातवी चिठ्ठी चिकटवली: बरकत. ती संख्या नाही आणि मजकूरही नाही. किती आहे म्हणून विचारलं तर ती एका मापाएवढी भरते. कमी कर म्हटलं तर होत नाही. पुण्याच्या एका ओळखीच्या प्रोग्रॅमरला दाखवलं, तर तो म्हणाला, "ताई, हे काहीतरी भलतंच आहे." मी म्हटलं, असू दे.

त्या हंगामात शेवंताबाईंनी वावराच्या एका कोपऱ्यात ती ओंजळ पेरली. पाखरं येतील म्हणून दिवस-दिवस तिथे बसून राहिल्या, असं मीनाताई फोनवर सांगायच्या. मी विचारायचे, उगवली का, निसवली का, दाणा भरला का. नवरा म्हणायचा, इतकी चौकशी तू पोटच्या पोराच्या परीक्षेचीही केली नव्हतीस. खरं होतं. जवार निघाल्यावर शेवंताबाईंनी ती सतरा नंबरच्या मडक्यात भरून ठेवली, आणि पेरणी जवळ आली तेव्हा मी पुन्हा एसटीत बसले.

खोली तशीच होती, उजेडाचा पट्टा, कडुनिंबाचा वास. शेवंताबाई आल्या होत्या, आणि तांड्यावरच्या दोघी-तिघी याडीची जवार न्यायला त्यांच्या मागे उभ्या होत्या. वाटण्याआधी पुन्हा मापायची रीत आहे. चाचांनी मडक्याचा लेप फोडला.

"बरकत!" पायली शिगोशीग होती.

"दोन!"

"तीन!"

मी भिंतीला टेकून डोळे मिटले. मला फळ्या दिसल्या नाहीत. आमचं खळं दिसलं, वडिलांची पगडी, राशीवरचा धुरळा. चाचांचा आवाज चढत गेला, सात, आठ, नऊ. अकराला थांबला. मी डोळे उघडले तेव्हा शेवंताबाईंचे ओठ हलत होते, त्या चाचांच्या मागोमाग मोजत असाव्यात.

"समदी देऊन टाका," त्या म्हणाल्या. "तांड्यावर समद्यांले पाहिजे."

मीनाताईंनी अकरा टाइप केलं आणि बटण दाबलं. यंत्र किंचित थांबलं. मग पडद्यावर ओळ आली. मीनाताईंनी ती मोठ्याने वाचली, "दहा देता येतील. बरकत वाटता येत नाही."

चाचांनी दाढीवरून हात फिरवला. शेवंताबाई पुढे आल्या, आणि त्या एवढ्याशा पडद्याकडे वाकून बघत राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्या चक्कीच्या दुपारनंतर पहिल्यांदा, आणि हसल्या.

"माही याडी बी असंच म्हनत होती," त्या म्हणाल्या, आणि मडक्यात एक पायली परत ओतली.